बोजा चढला, पण कुणाच्या नावावर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आडसाली लागणीचे दिवस जवळ आले की तलाठी कार्यालयापासून गावच्या सेवा संस्थेच्या (शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सोसायटीच्या) कचेरीपर्यंत एकच शेरा फिरू लागतो : ‘नावात तफावत, प्रकरण परत.’ गटाचे क्षेत्र बरोबर, रक्कम बरोबर, सह्या बरोबर, आणि बोजा, म्हणजे सातबाऱ्यावर चढणारी कर्जाची नोंद, अडतो तो एका वेलांटीवर.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हे जरा जास्तच घडते. सातबाऱ्यावर ‘बापूसो आण्णाप्पा’, आधारवर ‘बापूसाहेब अण्णाप्पा’ आणि पॅनवर रोमन लिपीत तिसरेच काहीतरी. ‘सो’ म्हणजे ‘साहेब’ हे करवीर-कागलात शेंबडे पोरही सांगेल, पण संगणकाला ते कोण सांगणार? शिरोळ-हातकणंगल्याकडे कल्लाप्पाचा कलाप्पा होतो. वाटणीत माहेरची जमीन आलेल्या बाईचे सातबाऱ्यावर माहेरचे नाव असते, आधारवर सासरचे. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असते. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला असतो, एकटा मालक म्हणून नव्हे. ती तीन अक्षरे गाळून गहाणखत केले की धाकट्यांच्या हरकती ठरलेल्याच.

मूळ चूक बँकेच्या शाखेत होते. कर्जाचा अर्ज आधारवरून भरला जातो आणि बोजा मात्र बसायचा असतो सातबाऱ्यावर. ज्या दप्तरात बोजा बसणार, त्या दप्तरातले नाव आधी, जसेच्या तसे. ओळखपत्रावरचे नाव त्यापुढे ‘ऊर्फ’ लावून. शेतजमिनीसाठी सातबारा आणि आठ-अ (गावातल्या एका खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा), गावठाणातल्या किंवा सिटी सर्व्हे झालेल्या शहरी जागेला मिळकत पत्रिका, गाडीला आरसी, कंपनीला निगमन प्रमाणपत्र. इकरार (जमिनीवर बोजा मान्य असल्याचे कर्जदाराचे लेखी निवेदन), गहाणखत, फेरफाराचे ऑनलाइन अर्ज घेणाऱ्या ई-हक्क प्रणालीवरचा अर्ज या सगळ्यांत तोच क्रम ठेवावा. अर्जदाराने आणलेली जुनी झेरॉक्स वापरू नये. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा काढावा आणि नाव अक्षर-अक्षर लावून पाहावे. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ डोळ्याला सारखे दिसतात, संगणकात ते वेगळे असू शकतात. दोन शब्दांमधली जादा मोकळी जागाही तशीच.

आठ-अ बघायला बरेच जण विसरतात. एकाच माणसाचे नाव दोन प्रकारे टंकले गेले असेल, तर एकाच गावात त्याची दोन खाती तयार झालेली असतात. बोजा एका खात्यावरच्या गटांवर चढतो, दुसऱ्या खात्यावरचे गट मोकळे राहतात. संस्थेला वाटते सगळी जमीन तारण आहे. प्रकरण परत आले तर निदान कळते तरी. चुकीच्या नावावर बिनबोभाट मंजूर झालेली नोंद वसुलीच्या दिवशीच उघडी पडते.

देशभरच्या तारणांची नोंद ठेवणाऱ्या सरसाईच्या (CERSAI) केंद्रीय नोंदवहीत हाच धोका अधिक आहे. तिथे बँक जे नाव भरेल ते नोंदले जाते. पुढची बँक कर्जदाराचे नाव वेगळ्या स्पेलिंगने शोधेल, तर आधीचे तारण तिला दिसेलच असे नाही. २४ जानेवारी २०२० पासून या नोंदीशिवाय सरफेसी कायद्याखाली (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा कायदा) वसुली करता येत नाही, आणि अग्रक्रमही नोंदीवरच ठरतो. आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा ‘ते मोठ्या बँकांचे’ म्हणून सोडून देता येणार नाही. शेतजमिनीचे तारण या कायद्याच्या बाहेर आहे. पण घर, दुकान, कारखान्याची जागा आत आहे. तिथे पॅन आणि सिटी सर्व्हे नंबर न चुकता भरावा आणि शोध नावावरून तसाच मिळकतीवरूनही घ्यावा.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत वेगळीच गफलत दिसते. ‘मे. अमुक फाउंड्री’ ही एकट्याच्या मालकीची पेढी असेल, तर कायद्याने कर्जदार तो मालक, पेढीची पाटी नव्हे. पाटीच्या नावावर केलेली नोंद मालकाच्या नावाने शोधणाऱ्याला सापडणार कशी? मालकाचे नाव आधी, पेढीचे नंतर. भागीदारीत शेवटचा नोंदलेला करारनामा बघावा. निवृत्त भागीदार कागदावर तसाच राहिलेला असतो. कंपनीच्या बाबतीत मुदतीचा घोळ जास्त : बोजाच्या नोंदीचा सीएचजी-१ अर्ज कंपनी निबंधकाकडे ३० दिवसांत जायला हवा. नंतर जादा शुल्क भरून थोडी मुदतवाढ मिळते, पण नोंद राहूनच गेली तर अवसायकापुढे (कंपनी गुंडाळताना नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे) तो बोजा टिकत नाही.

अमेरिकेत बहुतेक राज्यांनी जुलै २०१३ पासून जंगम तारणाच्या नोंदीत कर्जदार व्यक्तीसाठी वाहन परवान्यावरचे नाव हाच निकष धरला आहे. आपल्याकडे जमिनीचे दप्तर हाच निकष धरला तरी अर्धे काम होईल.

दुरुस्तीबाबत मोठा गैरसमज आहे तो प्रतिज्ञापत्राचा. ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ या प्रतिज्ञापत्राने बँकेची फाइल पुरी होते, सातबारा बदलत नाही. टंकलेखनाची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा आणि जुना हस्तलिखित सातबारा व मूळ फेरफार जोडावा. तेवढ्यावर चूक सिद्ध होते. नावच बदलले असेल तर राजपत्र, लग्नानंतरचे असेल तर विवाह नोंदणीचा दाखला. वडील वारले आहेत आणि नाव अजून त्यांचेच आहे, तिथे कलम १५५ नाही आणि ‘ऊर्फ’ही नाही, आधी वारस नोंद. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीचे १५ दिवस जातात, म्हणून हे काम मंजुरीच्या आधी उरकावे. रक्कम मंजूर करून मग नाव शोधायला निघणे म्हणजे लागण झाल्यावर सरी सोडणे.

महसूल खात्याकडे एक मागणी आहे. ‘नावात तफावत’ एवढ्यावर प्रकरण परत करू नये. कोणत्या खाते क्रमांकावर कोणते नाव आहे आणि अर्जात काय आले, हे दोन ओळींत लिहिले तर अर्जदाराचा हेलपाटा वाचेल.

कर्ज फिटल्यावरही हीच काळजी घ्यावी लागते. बोजा कमी करण्यासाठी संस्थेने दिलेल्या बेबाकी दाखल्यावर बोजाच्या फेरफारात होते तेच नाव आणि त्या फेरफाराचा क्रमांक असावा. आधार पाहून लिहिलेला दाखला पुन्हा त्याच शेऱ्यासह परत येतो.

आपला,
कर्ज दस्तऐवज तपासणीचे काम करणारा एक वाचक,
शाहूपुरी, कोल्हापूर