पाच ओळींच्या वेडेपणाबद्दल, वसंतास

नागपूर,
तान्हा पोळा

प्रिय वसंता,

तुझं पत्र मिळालं. नातीला शाळेत म्हणायला एखादी गमतीची कविता हवी आहे, हे वाचून फार आनंद झाला. पण त्याखाली तू जे लिहिलंस त्यानं मला स्वस्थ बसू दिलं नाही. ‘ज्यात काही अर्थच नाही अशा पाच ओळी लोक पावणेदोनशे वर्षं कशाला म्हणत राहतात?’ तू हे सहज लिहिलंस, पण मी त्यावर आयुष्यभर विचार केला आहे. तेव्हा उत्तर लांबणार.

अशा पाच ओळींच्या गमतीच्या कवितेला लिमरिक म्हणतात. आधी माझ्या वहीतली एक घे:

धरमपेठचे तात्या भारी
कूलरमध्ये ऐन दुपारी,
वाळा चघळत,
पाणी ढवळत,
म्हणती, “आणा स्वेटर चारी!”

मोठ्यानं म्हणून बघ आणि बोटांवर मात्रा मोज. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ १६ मात्रांची, म्हणजे आपलं पादाकुलक वृत्तच. मधल्या दोन ओळी आठ-आठ मात्रांच्या. इंग्रजीत हेच आघातांवर मोजतात: तीन, तीन, दोन, दोन, तीन. आता शेवटची ओळ ‘म्हणाले, मला चार स्वेटर आणून द्या बरं’ अशी कर. तात्या तेच, कूलर तोच, पण हसू गेलं! माझं सगळं म्हणणं यातच आहे, वसंता. या कवितेत अर्थाला मोकळं सोडलेलं असतं, आणि म्हणूनच छंदाला घट्ट धरावं लागतं. छंद आणि अर्थ दोन्ही सुटले तर उरते ती नुसती बडबड, आणि ती उद्यापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

या रचनेचा सगळ्यात गाजलेला इंग्रज कवी एडवर्ड लिअर, त्याला हे पक्कं ठाऊक होतं. लिमरिक हे आयर्लंडमधल्या एका शहराचं नाव. या रचनेला ते चिकटलं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे. लिअर मात्र आपल्या ओळींना नुसतं ‘नॉन्सेन्स’, म्हणजे निरर्थक गंमत, म्हणायचा. तो पेशानं चित्रकार. डर्बीच्या अर्लनं आपल्या खाजगी प्राणिसंग्रहालयातले पशुपक्षी रंगवायला त्याला बोलावलं आणि तिथल्या मुलांना हसवता हसवता या ओळी जमत गेल्या. पुस्तक आलं १८४६ साली. त्याच वर्षी तो व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे धडे देत होता. या माणसाला लहानपणापासून फेफरं यायचं. ते त्यानं जन्मभर लपवलं. झटका आला की रोजनिशीत फक्त एक फुली मारून ठेवायचा. हे वाचल्यापासून त्याचे ते विचित्र म्हातारे मला वेगळेच दिसतात. कुणाच्या दाढीत घुबडं घरटी करतात, कुणी दिवसभर घंटा बडवतो, आणि भोवती नेहमी ‘ते लोक’ असतात: दटावणारे, हाकलणारे, प्रसंगी हाणणारे. कवी कुणाच्या बाजूनं आहे हे पोरांना न सांगता कळतं.

लिअरची शेवटची ओळ बहुधा पहिल्याच ओळीतला शब्द घेऊन येते आणि पुष्कळांना तो त्याचा दुबळेपणा वाटतो. मला नाही वाटत. शेवटी चटका द्यायचा ही नंतरच्या लोकांची हौस, आणि त्या हौसेपायी इंग्रजीतला निम्मा लिमरिक अश्लीलतेकडे गेला. लिअरचा म्हातारा जिथून निघाला तिथेच परत येतो, पण मध्ये काय झालं ते आपण पाहिलेलं असतं. मला तेवढं पुरतं.

तो हिंदुस्थानात येऊन गेला हे तुला माहीत आहे का? १८७३च्या अखेरीस आला, व्हाइसरॉय नॉर्थब्रुकच्या निमंत्रणावरून, आणि वर्षभराहून जास्त चित्रं काढत हिंडला. इथं त्यानं कमरबंदावर एक कविता केली. ती मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात १८७४ साली छापून आली. तिच्यात एक बाई ‘धोबी’वर बसून संध्याकाळचा तारा पाहते, ‘पंखे’ येता-जाता तिच्या रूपाची तारीफ करतात आणि हिरव्या ‘आया’ उंच झाडांवर एकट्याच बसून असतात. धोबी, पंखा, आया हे सारे शब्द त्यानं फक्त नादासाठी उचलले. तिकडच्या वाचकाला ते कुठलेसे पक्षी आणि झाडं वाटली असतील. आपण वाचताना मात्र धोबी आणि त्याच्यावर बसलेली बाई दोन्ही समोर उभी राहतात, म्हणून ही कविता इंग्रजांपेक्षा आपल्याला जास्त हसवते, असं माझं ठाम मत आहे.

पण लिअरवरच थांबलो तर आपल्या घरावर अन्याय होईल. काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड, एक वसेचिना. जे वसेचिना तिथे आले तीन कुंभार, दोन थोटे, एका घडेचिना. पुढे मडकी, मग मूग, आणि प्रत्येक वेळी तेच गणित. ज्ञानदेवांचा हा अभंग लिअरच्या साडेपाचशे वर्षं आधीचा. आणि मुक्ताई: ‘मुंगी उडाली आकाशी, तिणें गिळिलें सूर्याशी.’ या कूट, म्हणजे कोड्यासारख्या, अभंगांत खोल अर्थ आहे, तो सांगणारे मोठे लोक आहेत आणि मी त्यांच्यापुढे नम्र आहे. तरी एक गोष्ट बघ. अर्थ कळायच्या कितीतरी आधी हे अभंग आपल्या तोंडी बसले होते ना? मुंगी सूर्य गिळते हे ऐकून पोर आधी हसतं. आणि मुक्ताईनं तरी शेवटी काय म्हटलंय? ‘माशी व्याली घार झाली, देखोनि मुक्ताई हांसली.’ ती हसली, वसंता! ते हसू अभंगातच आहे, कुठल्या टीकाकारानं मागून घातलेलं नाही.

भुलाबाईच्या गाण्यांतला वेडा आठव. बायकोनं करंज्या केल्या तर होडी म्हणून पाण्यात सोडतो, लाडू केले तर चेंडू म्हणून खेळायला घेतो. आता करंजी खरोखरच होडीसारखी दिसते की नाही? वेड्याची सुरुवात तेवढी चुकलेली असते; तिथून पुढे तो अगदी सरळ, तर्काला धरून चालतो. चांगला नॉन्सेन्स असाच चालतो. माझी ही दुसरी त्याच वाटेनं आली:

इतवारीची भोळी माई
संत्र्यांस म्हणे ती अंगाई;
लिंबू काही
झोपत नाही,
कारण त्याची आंबट आई!

यातलं ‘कारण’ मला फार आवडतं. ते काढून ‘आणि’ घातलं की कविता पडते.

आज सकाळी पोरं लाकडी नंदी घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागत फिरत होती आणि गल्लीत झडत्या, ती पोळ्याची यमकं जुळवलेली गाणी, चालल्या होत्या. तू पुण्याला गेल्यापासून त्या कानावर पडल्या नसतील, म्हणून आपली जुनी लिहून पाठवतो:

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी,
महादेव रडे दोन पैशासाठी,
पार्वतीच्या लुगड्याले छप्पन गाठी,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

खोबऱ्याच्या वाटीचा महादेवाशी काय संबंध? काही नाही. वाटी आली ती यमकासाठी. पण तिनं दार उघडलं आणि आत दोन पैशांसाठी रडणारा देव दिसला, गाठी मारून लुगडं नेसणारी देवी दिसली. ज्याच्या घरी पोळ्याला बैलाची झूल उसनी आणावी लागते, त्या शेतकऱ्यानं आपली सगळी ओढाताण देवाच्या नावावर मांडली आणि वर त्याचाच जयजयकार केला. हे गद्यात सांगायला गेलं तर गाऱ्हाणं झालं असतं. झडतीत अख्खा गाव तोरणाखाली उभा राहून ते ओरडतो आणि हसतो. एक पोरगा चुकला तेव्हा बाकीचे म्हणाले, “अबे, पुन्हा म्हण ना बे, चाल सुटून राहिली.” अर्थ चुकला असं कुणी म्हटलं नाही.

आता तुझा दुसरा मुद्दा, की आपल्याकडे वात्रटिका आहेच, मग वेगळं काय? वात्रटिकेवर माझं प्रेम आहे. पाडगावकरांपासून रामदास फुटाण्यांपर्यंत तिनं मराठी माणसाला खूप हसवलं आणि शहाणंही केलं. पण तिचा जीव बातमीत असतो. आज मारबतीच्या, म्हणजे इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत इतवारी-महालातून बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, निघाले, ज्याच्या त्याच्या हातात यंदाचा ताजा राग. संध्याकाळपर्यंत ते जळतात आणि पुढल्या वर्षी नवे बांधतात. राजकीय वात्रटिका अशीच, त्या त्या वर्षाची. तो मंत्री कोण होता हेच नातवंडांना सांगावं लागलं की हसू संपलं. ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी मात्र शंभर वर्षांहून जास्त काळ तीच आहे, कारण तिला ताल आहे आणि तिच्यात कुठलीही इडापिडा बसते. लिंबाची आंबट आई कुठल्याच निवडणुकीत उभी नव्हती, म्हणून ती उद्याही चालेल. विंदांनी हे ओळखलं होतं. ज्या हातानं त्यांनी मोठ्यांसाठी वजनदार कविता लिहिली त्याच हातानं मुलांसाठी एटू लोकांचा देश उभा केला, आणि दोन्हीकडे सारखीच मेहनत घेतली.

सुकुमार राय यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बदक आणि साळिंदर जोडून एकच प्राणी करणारा हा बंगाली माणूस काळाआजारानं अंथरुणाला खिळला होता आणि तिथेच आपल्या ‘आबोल ताबोल’ची तयारी करत होता. १० सप्टेंबर १९२३ला तो गेला, वय अवघं ३५. पुस्तक नऊ दिवसांनी बाहेर आलं. त्यातली शेवटची कविता म्हणते, झोप दाटून आली, माझं गाणं आता सरलं. मरण दारात असताना माणसानं हे लिहायला घेतलं, आणि आपण त्याला पोरखेळ म्हणायचं? मला नाही म्हणवत.

तर नातीसाठी. तिला अर्थ समजावून सांगू नकोस. चौथ्या ओळीनंतर क्षणभर थांबायला शिकव, ऐकणाऱ्यांच्या तोंडावर प्रश्न दिसू दे, मग पाचवी ओळ सपाट, गंभीर चेहऱ्यानं म्हणायची. स्वतः आधी हसायचं नाही. वरच्या दोन्ही कविता तिच्याच समज. तिसरी मी मुद्दाम अर्धी ठेवली आहे:

बर्डीवरचा बोका काळा
रोज सकाळी गाठी शाळा,
पाटी चाटे,
त्याला वाटे...

पाचवी ओळ तिनं करायची. तू मदत करायची नाहीस, फक्त मात्रा मोजून द्यायच्या: १६ हव्यात आणि शेवटी ‘आळा’ यायला हवं. झाली की लगेच पाठव, तिच्याच अक्षरात.

वहिनींना नमस्कार, पोरीला खूप खूप आशीर्वाद.

तुझा,
दिगू