आई-बाबा, बागा ठरल्यात, फक्त हो म्हणा

आई, बाबा,

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून नीट लिहूनच पाठवते. बाबा, तुमची जपानमधल्या अकरा बागांची यादी दोनदा वाचली, किती मन लावून केलीये ते दिसतंय, पण आठ दिवसांत अकरा बागा म्हटल्यावर आईचे गुडघे तिसऱ्याच दिवशी बोलायला लागतील. आणि मला तुम्हाला दोघांना बागेत निवांत बसलेलं बघायचंय, गेटपाशी फोटो काढून पुढच्या ट्रेनसाठी पळताना नाही. म्हणून तीनच ठेवल्यात.

टोकियोची कोइशिकावा कोराकुएन काढली. जिवावर आलं खरं, 1629 साली सुरू झालेली बाग आहे ती, आणि आत चक्क भाताचं खाचर आहे, शेतकऱ्याचे कष्ट सुनेला कळावेत म्हणून त्या काळच्या सरदाराने, तोकुगावा मित्सुकुनीने करून घेतलेलं. पण आतल्या वाटा दगडगोट्यांच्या, उंचसखल, पाऊस पडून गेला की निसरड्या. आईला तिथे न्यायची माझी हिंमत नाही.

त्याऐवजी टोकियोतलीच हामा-रिक्यू. सपाट, रुंद रस्ते, आणि तळं समुद्राच्या पाण्याचं. झडप उघडून भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आत-बाहेर सोडतात, त्यामुळे सकाळी पाहिलेला काठ दुपारी तसा राहत नाही. मध्यभागी चहाघर आहे, तिथे माचा म्हणजे हिरव्या चहाची पूड फेटून केलेला चहा मिळतो, हिरवागार फेसाळ, चवीला कडवट, म्हणून आधी सोबतची मिठाई खायची, आई तुला ते आवडेल. बाबांसाठी एक गोष्ट राखून ठेवणार होते पण राहवत नाही: 1728 मध्ये व्हिएतनामहून शोगुनसाठी, म्हणजे तेव्हाच्या जपानच्या लष्करी राज्यकर्त्यासाठी, हत्ती आणला, तो नागासाकीहून चालत चालत पुढच्या वर्षी इथे पोचला, आणि मग कितीतरी वर्षं याच बागेत ठेवला होता! तिकीट 300 येन, पासष्टच्या पुढे 150, म्हणजे तुम्हा दोघांचं मिळून माझ्या एकटीएवढं. वय दाखवायला पासपोर्ट जवळ ठेवा.

दुसरी रिकुगिएन, तीही टोकियोतच, 1702 ची. जुन्या कवितांमधली 88 ठिकाणं बागेत उभी केलीत. नोव्हेंबरच्या शेवटी मेपल लाल होतात आणि गर्दीही तेवढीच होते, म्हणून सकाळी नऊला गेट उघडतानाच जाऊ. टेकडीवर आपण चढायचं नाही, बाबा, आधीच सांगून ठेवते.

कानाझावाची केनरोकुएन राहू दे. बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून पाइनला वरून दोऱ्या बांधतात ते बघायला तुम्हाला आवडलं असतं, पण त्या दिवसांत तिकडे पाऊस फार. दोऱ्या रिकुगिएनलाही बांधतात.

आता खरी बाग. ओकायामाची कोराकुएन, नाव तेच पण टोकियोच्या त्या बागेहून वेगळी. बाबा, तुम्ही रोज सकाळी सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरता ना, ती हिच्यावरूनच बेतलीये! आपली 10 एकरांची, ही साधारण 33. तिथल्या सरदाराने, इकेदा त्सुनामासाने 1687 मध्ये सुरू केली आणि 1700 मध्ये पुरी झाली. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात खूप काही जळालं, पण जुन्या चित्रांवरून पुन्हा तशीच उभी केली. मोठी मोठी हिरवळ, चहाचा मळा, नदीपलीकडे काळा किल्ला. टोकियोहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वातीन तास लागतात, तिकीट महाग आहे, मला माहितीये तुम्ही काय म्हणणार ते, पण ते मी काढणार.

मे महिन्यात मी एकटी गेले होते. तिथे र्‍यूतेन नावाचा लाकडी मंडप आहे, भिंती नाहीत, आणि मधोमध पाण्याचा पाट वाहतो, पाटात सहा रंगीत दगड. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर माणसं बसतात. मी तिथे तासभर बसले आणि सारखं वाटत होतं, समोरच्या फळीवर बाबा हवे होते, आपल्या बागेतल्या पुलाचं आणि इथल्या पुलाचं काय जुळतं काय नाही ते सांगत, आणि आईने तोवर डबा उघडला असता.

तर हो म्हणा, म्हणजे तिकिटं काढते. आई, नवीन बूट आत्ताच घे आणि रोज घालून चाल, इथे येऊन पहिल्यांदा घालू नकोस. आणि बाबा, येण्याआधी एकदा आपल्या बागेतल्या पुलाचे फोटो काढून आणा, ओकायामाला सोबत ठेवून बघू.

तुमची,
चिऊ