जर्मनीतल्या रीसच्या उल्काविवरात राहणाऱ्या काकांना पत्र

ती. स्व. काका आणि काकू,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, पोरगी काय म्हणते?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. आणखी एक कारण आहे. आमचे फोटो पाहून निम्म्या नातेवाइकांना आता कॅम्परव्हॅनने (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने) जर्मनी फिरायचंय. त्यांच्या प्रश्नांना मी जी उत्तरं देते ती सगळी तुमची आहेत. मग श्रेयही तुमच्याच नावावर पडलेलं बरं.

ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला तेव्हा आमच्याकडे व्युर्झबुर्गपासून फ्युसेनपर्यंतच्या अख्ख्या रोमँटिक रोड या पर्यटन-मार्गाची यादी होती. साडेचारशेच्या वर किलोमीटर, वाटेत किल्ले, राजवाडे, सगळंच. तुम्ही ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलंत, "घाई कायले करता? व्हर्निट्स नदीच्या काठाकाठानं या." इतक्या वर्षांच्या जर्मनीनंतरही तुमचं वऱ्हाडी तसंच आहे, हे ऐकून बाबा (माझे सासरे) तिथेच तुमचे झाले. मग आमचा मार्ग ठरला: रोटेनबुर्ग, डिंकेल्सब्यूल, ओटिंगन, न्यॉर्डलिंगन, हारबुर्ग. राजवाडे राहिले. राहू देत.

गाडी भाड्याने देणाऱ्या माणसाने घाईघाईत चार बटणं दाखवून किल्ली हातात ठेवली होती. खरी गाडी आम्हाला तुम्ही समजावलीत, तीही रविवारची दुपार मोडून. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी, भांड्यांचं नि अंघोळीचं सांडपाणी वेगळ्या टाकीत. सांडपाणी गटारात नाही, शेतात तर नाहीच, ते फक्त ठरलेल्या जाळीवर सोडायचं. गाडी हलवण्याआधी गॅसच्या बाटलीचा कॉक बंद. चाकाखाली पाचर सरकवून गाडी सपाट केली नाही तर रात्री सगळे एका बाजूला घरंगळतात, हेही तुम्ही आडवं होऊन दाखवलंत.

आणि संडासची कॅसेट. या विषयावर पर्यटनाच्या लेखांमध्ये कोणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम बोलते. संडासाच्या खाली एक पेटी असते, ती भरली की ओढून काढायची, चाकांवरून न्यायची आणि ठरलेल्या जागी रिकामी करून धुवायची. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत उभे होतो. तुम्ही काही न बोलता बाह्या सारल्या, पेटी नेली, धुतली, परत बसवलीत. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या, घरात कधी संडास न घासलेल्या बाबांनी पुढच्या वेळी ती पेटी स्वतः उचलली. कोणाला हात लावू दिला नाही. आपल्याकडे हे काम कोणी करायचं हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवलं, आणि ज्या घरावर ते कधीच आलं नाही, त्या घरातल्या माणसाने हे केलं. काका, प्रवासातलं माझ्या लेखी सगळ्यात मोठं दृश्य ते होतं, आणि त्याचा फोटो कोणी काढला नाही.

श्टेलप्लाट्झ म्हणजे काय तेही तुमच्यामुळे कळलं. गावकोटाच्या बाहेर नगरपालिकेने आखून दिलेली गाड्यांची जागा, नाणं टाकलं की पाणी, नाणं टाकलं की वीज. गावाला त्यात काय मिळतं, असं बाबांनी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, सकाळी पाव कुठून आणणार? बेकरीतूनच ना! साध्या पार्किंगमध्ये एखादी रात्र झोपायला सहसा हरकत नसते, पण खुर्च्या मांडल्या, छत उघडलं की ते कॅम्पिंग झालं, हा फरक तुम्ही सांगितला नसता तर लेकीने पहिल्याच संध्याकाळी अंगतपंगत मांडली असती. आणि शनिवारीच किराणा भरा, रविवारी दुकानं बंद, हा सल्ला तर सोन्याचा.

रोटेनबुर्गची गर्दी तुम्ही सांगितली होती तशीच होती. पण गावाच्या तटावरून चालताना दगडांत कोरलेली देणगीदारांची नावं वाचायला तुम्ही सांगितलं होतंत. ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा मोठा भाग पडला आणि तट पुन्हा उभा करायला जगभरातून पैसे आले. किती तरी नावं जपानी. जुनं दिसणारं सगळं जुनं नसतं, हे तिथे कळल्यावर डिंकेल्सब्यूलकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहिलं. ते गाव युद्धातून जवळजवळ जसंच्या तसं वाचलेलं.

ओटिंगन कोणाच्याच यादीत नसतं. एकाच रस्त्याच्या एका बाजूला लाकडी चौकटींची घरं, समोर बरोक थाटाचे दर्शनी भाग. धर्मसुधारणेनंतर तिथलं राजघराणं दोन शाखांत वाटलं गेलं, एक प्रोटेस्टंट, एक कॅथलिक, आणि गावही वाटलं गेलं. जर्मनीतल्या प्रोटेस्टंटांनी नवं ग्रेगोरियन कॅलेंडर १७०० पर्यंत घेतलं नव्हतं, त्यामुळे दोन पंथांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर. बाबा म्हणाले, आपल्याकडे एकादशी स्मार्त नि भागवत अशी दोनदा येते, त्याचं यांना नवल वाटणार नाही.

मधल्या खेड्यांत तुमचा नियम पाळला: जिथे थांबाल तिथून काहीतरी विकत घ्या. शेताच्या कडेला बटाटे, अंडी मांडलेली, शेजारी पैशाचा डबा, माणूस कोणीच नाही. एका गोठ्याशी दुधाचं मशीन होतं. लेकीने तिथून बाटली भरून आणली आणि काकूंनी दिलेल्या विरजणाचं दही लावलं.

पण न्यॉर्डलिंगनसाठी तुमचे आभार वेगळे मानायला हवेत. डानिएल मनोऱ्याच्या साडेतीनशे पायऱ्या तुम्ही बाबांच्या चालीने चढलात. वर लेकीने विचारलं, विवर कुठे आहे? तुम्ही क्षितिजावरच्या टेकड्यांची कड बोटाने फिरवून दाखवलीत. आपण आतच उभे होतो. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का पडून झालेलं, जवळजवळ २५ किलोमीटर रुंद. आमचं लोणार जेमतेम पावणेदोन! दोन्हींना लोक आधी ज्वालामुखीच समजत होते. रीसचा उलगडा १९६० च्या सुमारास शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांनी केला, खडकात कोएसाइट (उल्कापातासारख्या प्रचंड दाबाखाली बनणारं खनिज) सापडलं म्हणून, आणि १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर इथे खडक ओळखायला शिकले. ज्या चर्चच्या मनोऱ्यावर आपण होतो, त्याचे दगडही त्याच आघातातले. बाबांनी लोणारला किती तरी सहली नेल्या असतील, पण एवढा वेळ गप्प राहिलेले मी त्यांना पाहिले नव्हते. रात्री मनोऱ्यावरून पहारेकऱ्याची "झो, गझेल, झो" ही हाळी आली तेव्हा तुम्ही खालून दिलेली साद जर्मन होती की वऱ्हाडी, यावर आमच्यात अजून वाद आहे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये अशाच गाड्यांच्या, म्हणजे कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलंच आहे. पण मला आता वाटतं, वाई किंवा पैठणसारख्या गावाला मोठ्या कॅराव्हॅन पार्कच्या आधी हवी ती वेशीबाहेर पाण्याची एक तोटी आणि मैला-सांडपाणी टाकायची एक नीट जागा. नाहीतर सगळं नदीतच जाणार. बाबांनी आमच्या नगरसेवकांना तसं पत्र लिहिलंय, अशा जागेचं तुमच्या हातचं रेखाचित्र जोडून. परवानगी विचारायची राहिली, ती इथे मागते.

डिसेंबरात येताय ना? सिंदखेडराजा, मेहकरचा बालाजी आणि लोणार असा बेत आहे. गाडी साधीच असेल, मुक्काम तुमच्या पुतण्याकडे. काकूंना म्हणावं, त्यांचं विरजण पुण्यात अजून चालू आहे. तिकिटं काढलीत की कळवा, बाबा रोज विचारतात.

तुमची,
पुण्याची सूनबाई (आणि बाबा, हे, लेक)