दादूच्या नोकरीबद्दल, जरा सविस्तर

प्रिय बाळ्या,

तुझे व्हॉइस मेसेज नीट ऐकले, ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या तुझ्या मुलाला, दादूला, आता कुठलं काम मिळेल ही तुझी काळजी कळली, आणि म्हणलं फोनवर घाईत बोलण्यापेक्षा लिहूनच पाठवतो, म्हणजे वहिनींना वाचता येईल आणि दादूला वाचावंसं वाटलं तर त्यालाही, कारण शेवटी हे सगळं त्याच्याबद्दलच आहे.

दादूची एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, बारावी झाली याचा मला किती आनंद झाला काय सांगू. तू म्हणालास आता पुढे काय तर सगळे एकच सुचवतात, पणत्या रंगवायच्या, पाकिटं चिकटवायची. ज्याला ते आवडतं त्याने जरूर करावं, त्यात कमीपणा नाही. पण दादूला ते आवडतं का हे कोणी त्याला विचारलं का? तूच सांगितलंस ना, शॉपवर, म्हणजे तुझ्या वर्कशॉपवर, आला की सीएनसीसमोरून (प्रोग्रामवर चालणारं कटिंगचं मशीन) हलत नाही, स्क्रीनवर प्रोग्रामच्या ओळी सरकतात त्या वाचत उभा राहतो. आणि लगेच पुढे म्हणालास, "पण त्याला कामावर घेणार कोण?" अरे, भोसरीत तुझी स्वतःची शेड आहे. तू घेणार. तुझ्याकडे जमलं तर मग शेजारचे घेतील.

इथे लॉस एंजेलिसजवळ ग्लेंडेल कम्युनिटी कॉलेज आहे, तिथे २०१६ मध्ये 'युनिकली एबल्ड अकॅडमी' सुरू झाली. ऑटिझम असलेल्या मोठ्या मुलामुलींना सीएनसी ऑपरेटरचं ट्रेनिंग. त्यामागे आयव्हन रोझेनबर्ग नावाचे एक मॅनेजमेंट कन्सल्टंट आहेत, त्यांचीही मुलं ऑटिझम असलेली, आणि कामानिमित्त त्यांचा संबंध कारखान्यांशी. म्हणजे एकीकडे घरात हा प्रश्न आणि दुसरीकडे सगळे शॉपवाले रडतायत की चांगले ऑपरेटर मिळत नाहीत, तर त्यांनी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. मला त्यातली सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे काम आधी बघितलं, त्या कामाला खरंच काय लागतं ते बघितलं, आणि मग कोणाकडे ते आहे हे शोधलं. आपण नेमकं उलटं करतो, आधी माणसात काय कमी आहे ते मोजतो.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो, ऑटिझम आहे म्हणजे सीएनसी जमणारच असं अजिबात नाही. हल्ली लोक बोलतात ना, यांची नजर फार बारीक असते, यांना कंटाळाच येत नाही वगैरे, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. कंटाळा त्यांनाही येतो. कोणाला आवाज सहन होत नाही, कोणाला कूलंटचा (कापताना मशीनवर सोडतात त्या थंड करणाऱ्या द्रवाचा) वास, कोणाला नुसती आवडच नसते. पण ज्याला आवड आहे त्याच्यासाठी हे काम सरळ आहे. प्रोग्राममध्ये जी०० म्हणजे रॅपिड, न कापता जलद सरकणं, जी०१ म्हणजे दिलेल्या फीडने, ठरलेल्या वेगाने, कटिंग, एम३० ला प्रोग्राम संपला. जे लिहिलंय तेच होतं. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेला असतो, नग त्यात बसतो किंवा बसत नाही, त्यात कोणाच्या मूडचा प्रश्न येत नाही.

मग अडतं कुठे? मी इथे चॅट्सवर्थला ज्या शॉपमध्ये आहे तिथे असाच एक मुलगा आमच्या सेक्शनला आला, त्याच्याबरोबर काम करून मला जे कळलं ते सांगतो. मशीनवर फारसं अडत नाही. अडतं मशीनच्या आजूबाजूला.

पहिलं म्हणजे मुलाखत. डोळ्यात डोळे घालून "स्वतःबद्दल सांगा"चं उत्तर देता येणं आणि मायक्रोमीटर बरोबर वाचता येणं यांचा काय संबंध आहे सांग बरं? त्याला आम्ही सरळ मशीनवर उभं केलं, नग दिले, ड्रॉइंग दिलं, मोजून लिही म्हणलं. त्याने लिहिलं. झाली मुलाखत.

दुसरं म्हणजे आपण सूचना देतो त्या. आपला फोरमन काय म्हणतो, "जरा लक्ष ठेव रे." कशावर? किती वेळाने? बिघडलं म्हणजे नक्की काय दिसलं? आपल्याला ते वर्षानुवर्षं बघून अंदाजाने कळतं, पण सांगितलेलं कधीच नसतं. तुझ्याकडचा तो ब्राँझ बुशचा जॉब घे. दादूला असं लिहून दे की बोअर (आतलं भोक) १२.०० ते १२.०२ मिमी, दर पाचव्या नगाला गो-नोगो गेज (भोक मापात आहे का ते तपासायचं साधन) लाव, गो आत गेला पाहिजे, नोगो जाता कामा नये. गो अडला किंवा नोगो आत गेला तर मशीन थांबव, नग लाल ट्रेमध्ये ठेव, सेटरला (मशीन सेट करणाऱ्याला) बोलव. सेटर जागेवर नसेल तर कोणाला बोलवायचं तेही लिही, नाहीतर तो सेटर येईपर्यंत तिथेच उभा राहील आणि लोक म्हणतील बघा याला समजत नाही, आणि खरं तर चूक कागदाची असेल. आमच्याकडे असे कागद प्रत्येक मशीनला लावले आणि फायदा सगळ्यांनाच झाला, नवीन आलेला कुठलाही हेल्पर त्यावरच शिकायला लागला.

तिसरं आवाज. आणि इथे गंमत अशी की मशीनचा एकसारखा घूंऽऽ आवाज त्या मुलाला चालायचा, पण कोणी शेजारी अचानक एअर गन मारली की तो दचकून जायचा, मग पुढचा बराच वेळ खराब. त्याला कानावर मफ्स दिले, पण मग अलार्म ऐकू येत नाही, म्हणून मशीनवरच्या लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्याकडे बघायची सवय लावली. तुझ्या शेडमध्ये ती लुकलुकणारी ट्यूब आहे ना दाराजवळ, ती आधी बदल. आपल्याला ती दिसतही नाही, त्याला दिवसभर तीच दिसेल.

आणि अचानक होणारे बदल. "आज जरा थांब, माल द्यायचाय" हे तुम्ही साडेपाचला सांगता. त्याला सकाळी सांग. लाइट गेली तर काय करायचं, मशीन अर्ध्या कटमध्ये थांबलं तर कशाला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून दाखवून ठेव, कारण भोसरीत लाइट जाणार हे तुला माहितेय.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, माणसं. चहाच्या वेळची थट्टा, टोपणनावं, एकाने पान्हा लपवायचा आणि बाकीच्यांनी हसायचं, हे आपल्याला आपलेपणाचं वाटतं. त्याला कळणार नाही की हे प्रेमाने चाललंय का छळ चाललाय, आणि खरं सांगायचं तर कधीकधी तो छळच असतो. तुझ्या लोकांशी तू स्वतः बोल. पण त्यांना काय सांगायचं आणि किती, हे दादूला विचारून ठरव. एखादा जुना शांत माणूस असेल तर तो त्याचा माणूस, काही अडलं की त्याच्याकडेच जायचं, आणि तू नाहीस तो माणूस, कारण तू बाप आहेस आणि मालक पण आहेस, पोराची पंचाईत होईल.

पगार द्यायचा. बरोबरीच्या ऑपरेटरला देतोस तेवढाच, त्याच्या खात्यात. "घरचाच आहे" म्हणून फुकट राबवू नकोस. आणि एकाच मशीनला जन्मभर बांधूनही ठेवू नकोस, ऑफसेट टाकायला (टूलच्या मापाची दुरुस्ती मशीनला द्यायला) शिकव, पुढे सेटिंग, जमलं तर इन्स्पेक्शन. त्याला पुढे जावंसं वाटेल.

कागदपत्रांचं म्हणशील तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंयत का ते बघ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्पष्ट नावानिशी आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी जो शेवटचा १ टक्का आहे त्यात तो बसतो. खासगी कारखान्यांनाही त्याच कायद्याने समान संधीचं धोरण जाहीर करायला लावलंय, ते किती जणांनी केलंय हे एमआयडीसीत फिरून तूच बघ. आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेड दोन वर्षांचा आहे, तोही रस्ता खुला आहे, पण मला वाटतं आधी तुझ्याकडे काही महिने करून बघू दे, मग त्याला कळेल की एवढी दोन वर्षं यात घालवायचीत का.

वहिनींची काळजी मला समजते. आपल्या पश्चात कोण, हा प्रश्न मनातून जात नाही हे मला माहितेय. त्याचं पूर्ण उत्तर नोकरीत नाही. पण सकाळी डबा घेऊन पीएमपीच्या बसने जाणारा, महिन्याला स्वतःचा पगार काढणारा, पाचपन्नास लोक नावाने ओळखणारा माणूस घरात बसलेल्या माणसापेक्षा कमी एकटा असतो, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय. बसचा प्रवास आत्तापासूनच सुरू करा, आधी बरोबर जा, मग दोन सीट मागे बसा, मग स्टॉपवरून सोडा.

तर असं कर. त्या बुशच्या ड्रॉइंगचा फोटो पाठव, मशीनचा आणि गेजचाही पाठव, म्हणजे मी मराठीत चित्रांसकट कामाचा कागद बनवून देतो. आणि दादूला विचार की रविवारी मी व्हिडिओ कॉल केला तर बोलेल का, नाही म्हणाला तर टाइप करून बोलू, मला त्याच्याकडून ऐकायचंय की स्क्रीनवर तो नक्की काय बघत असतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
जुना बेंचवाला