थंडीत इथेनॉलने गाडी पळत नाही. आधी पंपावर टक्का लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की आमचं निफाड तुमच्या पहिल्या पानावर येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, मणी तडकायची धास्ती, वगैरे. त्याच पहाटे गॅरेजसमोर ज्या गाड्या ढकलत आणल्या जातात त्यांची बातमी कधी होत नाही. मी गाड्या दुरुस्त करतो, कार्बोरेटरच्या काळापासून करतोय, म्हणून हे पत्र.

यंदा एक नवीनच खूळ निघालंय. मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो आहे. थंडीत टाकीत वरून जास्तीचं इथेनॉल (उसाच्या मळीपासून वगैरे होणारं अल्कोहोल) ओता, ऑक्टेन वाढतं, इंजिन मोकळं होतं, पिकअप सुधारतो, परदेशात सगळे हेच करतात, असं त्यातला माणूस छातीठोकपणे सांगतो. दुसऱ्या बाजूला गाडी सकाळी उचलली नाही की दोष थेट ‘त्या ई-२०’ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, देणारेही आहेत. दोघांनाही उत्तर देऊन माझा घसा बसला, तेव्हा म्हटलं एकदाच लिहून काढावं.

आधीच सांगतो, मी इथेनॉलच्या विरोधातला नाही. घरचा ऊस आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी मनाई केली, तेव्हा आमच्या ओट्यावरही लोक चिडून बोलत होते. मळीला दाम मिळाला तर उसाच्या बिलाला आधार मिळतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण कारखान्याचं गणित वेगळं आणि इंजिनाचं वेगळं.

इथेनॉलचं ऑक्टेन जास्त असतं, हे खरं आहे. आपलं आधीचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, ई-२० साधारण ९५ च्या घरात जातं. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली मिश्रण वेळेआधी न भडकण्याची क्षमता. इंजिन ‘नॉक’ करतं, म्हणजे मिश्रण वेळेआधी भडकून ठकठक करतं, ते कधी? मे महिन्यात, भरलेली गाडी कसारा घाट चढत असताना, एसी चालू असताना. थंडीत पहाटे नॉकिंगचा प्रश्नच नसतो. म्हणजे ज्या ऋतूत ऑक्टेनचा उपयोग सगळ्यात कमी, त्याच ऋतूत त्याचं कौतुक चाललं आहे. आणि इंजिन मुळातच जास्त ऑक्टेनसाठी बनवलेलं नसेल, तर उन्हाळ्यातही फार काही हाती लागत नाही.

ताकदीचंच बोलायचं तर एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एका लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे लिटरमागे तिसरा हिस्सा कमी. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातच लिहिलं आहे की निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटतं. ई-२० साठीच जुळवलेल्या गाडीत ही घट एक-दोन टक्क्यांवर येते. हे सरकारी कागदावरचं आहे, माझ्या गॅरेजातल्या गप्पा नाहीत.

मग थंडीत गाडी चपळ वाटते ती कशाने? हवेने. पाच अंशांची हवा पस्तीस अंशांच्या हवेपेक्षा जवळपास दहा टक्के दाट असते. सिलिंडरमध्ये जास्त प्राणवायू जातो, इंजेक्शनच्या गाडीत संगणक त्या मानाने इंधन वाढवतो, आणि गाडी ओझरच्या पुढे महामार्गावर उधळल्यासारखी वाटते. ती दर हिवाळ्यात तशीच वाटत आली आहे. श्रेय यंदा टाकीला मिळालं, एवढंच.

आता सकाळच्या स्टार्टिंगचं. सॅनिटायझर हातावर घेतला की गारवा लागतो ना, तेच इंजिनाच्या तोंडाशी होतं. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. शुद्ध इथेनॉल तर साधारण १३ अंशांच्या खाली ठिणगीला पेट घेण्याइतकी वाफच धरत नाही. पेट्रोल उणे चाळीसलाही धरतं. मात्र थोड्या प्रमाणात मिसळलं की मामला उलटा होतो. वीसेक टक्क्यांपर्यंत मिश्रणाचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याचा जोर, थोडा वाढतोच. म्हणून झाकणाच्या आत ‘ई-२०’ची चिकटपट्टी असलेल्या नव्या गाड्या निफाडच्या थंडीतही पहिल्या सेल्फला उचलतात. ई-२० ला शिव्या घालणाऱ्यांनी हे ऐकून घ्यावं. सकाळी गाडी उचलत नाही तेव्हा बहुतेक वेळा दोष बॅटरीचा असतो. थंडीत तिची ताकद घटते, ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो. तीन-चार वर्षं वापरलेल्या बॅटरीवर गाडी ठेवायची आणि पंपाच्या नावाने बोटं मोडायची, हे बरोबर नाही.

अडचण येते ती जुन्या गाड्यांना, आणि तिचं कारण आहे पातळ मिश्रण, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. एक किलो पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच किलो. म्हणजे इथेनॉल घातलं की इंधन जास्त सोडावं लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो, पण तो सेन्सर तापल्याशिवाय काम करत नाही. पहिला एखादा मिनिट गाडी अंदाजावर चालते. त्या मिनिटात जुनी गाडी अडखळते, मिसिंग मारते. इंजेक्टर आधीच कचरलेले असतील तर दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी-०१७१ हा कोड दिसतो. त्याचा अर्थ मिश्रण पातळ. उपाय म्हणजे इंजेक्टर साफ करणे, प्लग बघणे, आणि सकाळी सेल्फ मारल्या मारल्या ॲक्सिलरेटर न दाबणे. कार्बोरेटरला तर सेन्सरच नाही. जेटचं, म्हणजे इंधन सोडणाऱ्या तोटीचं, भोक जेवढं आहे तेवढंच. दाट हवेने मिश्रण पातळ, इथेनॉलने आणखी पातळ. तिथे चोक ओढून थोडं थांबायचं, दुसरा इलाज नाही.

अशाच एका मारुती ८०० ची हकिकत सांगतो. मालक द्राक्षबागायतदार, गाडी वडिलांच्या वेळची, जीव की प्राण. त्यांनी तो व्हिडिओ बघून कॅनभर स्पिरिट (बाहेर मिळणारं अल्कोहोल) टाकीत ओतलं. कुठून मिळवलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. राज्य उत्पादन शुल्कवाले हे पत्र वाचत असतील तर त्यांनीही विचारू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला निघाले, गाडी उचलेना. बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला. धक्का स्टार्ट करायला बागेतली माणसं बोलावली. शेवटी ट्रॅक्टरला बांधून माझ्याकडे आणली.

कार्बोरेटर उघडला. फ्लोट चेंबरच्या तळाशी चहाच्या गाळासारखी तांबूस साय बसलेली. टाकीत वर्षानुवर्षं चिकटून बसलेला गंज आणि राळ स्पिरिटने सोडवली होती आणि ती सगळी पुढे येऊन मेन जेटमध्ये अडकली होती. पेट्रोल फिल्टर काळा. रबरी पाइप बोटाने दाबला तर लिबलिबीत, क्लिपजवळ फुगलेला. जुनं रबर इथेनॉलसाठी बनवलेलंच नव्हतं. टाकी उतरवून धुतली, पाइप बदलले, जेट फुंकून बसवला, ताजं पेट्रोल घातलं, चोक ओढला, गाडी उचलली. खर्च किती आला ते छापत नाही. मालक तुमचा पेपर घेतात.

त्यात आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल निर्जल असतं, ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्ध. बाहेर मिळतं त्या स्पिरिटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच. दोन्ही एकच समजून ओतणं म्हणजे आपल्याच टाकीत पाणी घालणं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, हिवाळ्यात खरी काळजी त्याचीच घ्यायला हवी. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण एका मर्यादेपर्यंत, आणि थंडी वाढली की ती मर्यादा कमी होते. दुपारी विरघळलेलं पाणी पहाटे चार वाजता वेगळं पडू शकतं, आणि पडलं की एकटं पडत नाही, इथेनॉलला सोबत घेऊन टाकीच्या तळाशी बसतं. पंप इंधन उचलतो तो तळातूनच. ई-२० पाणी ई-१० पेक्षा जास्त सोसतं, त्यामुळे रोजच्या गाडीला भीती नाही. पण मुंबईकरांच्या गाड्या गावी अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने उभ्या असतात, त्यांनी टाकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेत हवा, हवेत दमटपणा, रात्री पत्र्याला घाम.

‘परदेशात सगळे करतात’ हेही तपासू. माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिकडे पारा उणे वीस-पंचवीसवर जातो, टाकीतल्या ओलाव्याचा बर्फ होऊन पेट्रोलचा पाइप तुंबायचा, म्हणून लोक पूर्वी अल्कोहोलची बाटली टाकीत ओतायचे. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आल्यावर त्या बाटलीची गरज फारशी उरली नाही. निफाडला कितीही थंडी पडो, पेट्रोलच्या पाइपात बर्फ झालेला मी पाहिलेला नाही. तिकडच्याच डेन्व्हर परिसरात १९८८ पासून हिवाळ्यात प्राणवायूयुक्त (इथेनॉलसारखे घटक मिसळलेलं) पेट्रोल सक्तीचं झालं, पण कार्बन मोनॉक्साइड कमी व्हावा म्हणून. थंड इंजिन धूर जास्त करतं, हवा घाणेरडी होते. पिकअपशी त्याचा काही संबंध नव्हता. उलट अमेरिकेत ‘ई-८५’ नावाने जे विकतात त्यात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असतं, आणि हिवाळ्यात ते मुद्दाम खाली आणतात, गाड्या उचलाव्यात म्हणून. ब्राझीलमध्ये तर इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांच्या बोनेटखाली कैक वर्षं पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची, केवळ गार सकाळी स्टार्ट करायला. इथेनॉलमध्ये सगळ्यांच्या पुढे असलेला देश थंडीत पेट्रोलचा आधार घेत आला, आणि आपला व्हिडिओवाला इथेनॉल वाढवा म्हणतो!

मार्च २०२४ पासून महाराष्ट्रातल्याही काही पंपांवर ‘इथेनॉल १००’ मिळायला लागलं आहे. ते फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे इथेनॉलच्या कुठल्याही प्रमाणावर चालतील अशा बनवलेल्या, गाड्यांसाठी आहे. साध्या गाडीत ‘थोडं घालून बघू’ म्हणून घालायचं नाही, एवढं कृपया मोठ्या अक्षरांत छापा.

आता मागणी. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय द्यावा आणि पंपावर प्रमाण लिहावं, अशी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. पर्यायाबद्दल मी बोलत नाही. पण प्रमाण लिहायला कुणी मनाई केलेली नाही. आमच्या भागात काही पंपांवर ‘ई-२०’ अशी चिठ्ठी आहे, ती इंग्रजीत आणि नॉझलच्या मागे. काहींवर तीही नाही. पाटी मराठीत हवी, नॉझलच्या वर हवी: ‘या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असल्यास कंपनीची पुस्तिका पाहा.’ शिवाय जमिनीखालच्या टाकीत पाणी आहे का हे काठीला पेस्ट लावून बघतात. इथेनॉलच्या पेट्रोलला नेहमीची पेस्ट चालत नाही, त्याची वेगळी येते. ती वापरली जाते का, हे पुरवठा खात्याने विचारावं.

ज्यांना स्वतः बघायचं आहे त्यांच्यासाठी सोपी रीत सांगतो. प्रयोगशाळेतलं १०० मिलिलिटरचं नळकांडं घ्या. १० च्या खुणेपर्यंत पाणी, त्यात शाईचा एक थेंब. वरून १०० पर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवा, अधूनमधून बूच सैल करून वाफ सोडा, मग उभं ठेवा. शाईचं पाणी पेट्रोलमधलं इथेनॉल ओढून घेतं आणि फुगतं. रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही, १९ च्या आसपास आली तर दहा टक्के, २८ च्या आसपास आली तर वीस. उघड्यावर करायचं, बिडी-काडीपासून लांब, आणि उरलेलं पेट्रोल गाडीत परत ओतायचं नाही. घरी करायचं नसेल तर माझ्याकडे नळकांडं आहे, पैसे घेत नाही. सकाळी नऊच्या आत येऊ नका, तेव्हा बॅटरीवाल्यांची गर्दी असते.

आपला,
एक गॅरेजवाला,
निफाड, जि. नाशिक