बाबांच्या मिर्च्या आणि आईचं ओरडणं

आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण फोन स्पीकरवर टाकून तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मग विषय जातो नारळ केवढ्याला झाला तिकडे, म्हणून लिहितेय. आई तू मोठ्याने वाच, बाबांचा चष्मा परत कुठेतरी ठेवलेला असणार.

चवथीला पेडण्याला आले होते तेव्हा बघितलं. सणाचे चार दिवस नेवऱ्या-मोदक झाले ते ठीकच आहे, पण गणपती पोचवल्यावरसुद्धा बाबा रोज सकाळी बाजारात जाऊन भाजीपाव आणि दोन मिर्च्या (ती पिठात बुडवून तळलेली मिरचीची भजी), घरी येऊन चहाबरोबर परत मस्का लावलेला पाव, अकरा वाजता शेव, आणि बारा वाजले की "शीत झालं काय?" आणि आई तू, मावशीसमोरच, पोट आहे की विहीर, ह्या वयात तरी जिभेवर ताबा नको का माणसाला! बाबा काही बोलले नाहीत, उठून बाहेर सोप्यावर जाऊन बसले. मला ते अजून आठवतंय.

तर आई, सगळा दोष जिभेचा नाही गं. निम्मा भाग वर डोक्यात चालतो.

बाबा तुम्ही जन्मभर लाइनमन, तुम्हाला हे पटकन कळेल. घराचं वायरिंग एकदा झालं की झालं, पण कुठला दिवा लावायचा, पंखा किती जोरात ठेवायचा, ते रोजचं बटणांचं काम. जीन्सचं, म्हणजे पेशीतल्या जनुकांचं, तसंच. मेंदूच्या पेशीतले जीन्स खाण्याने बदलत नाहीत, पण कुठला जीन किती चालणार ते बदलतं, आणि रोज तेलकट-तुपकट खाल्लं की ही बटणं हलतात.

आपल्या अंगातल्या चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं, ते १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने शोधलं. त्याचं काम मेंदूला कळवणं, की साठा भरपूर आहे, आता पुरे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून छोटासा भाग असतो, तिथे एका प्रकारच्या पेशी "खा खा" करतात आणि दुसऱ्या "बास" म्हणतात, लेप्टिन पहिल्यांना गप्प करतं आणि दुसऱ्यांना जागं करतं. आता उंदरांना बरेच दिवस फॅटवाला आहार दिला की तिथे सॉक्स-थ्री नावाचा एक जीन जास्त चालायला लागतो, आणि त्याचं प्रोटीन लेप्टिनचा निरोप मध्येच अडवतं. म्हणजे सबस्टेशनवरून फोन येतोय पण इथे कोणीतरी रिसिव्हर काढून ठेवलाय! पोट भरलेलं असतं, मेंदूला पत्ताच नाही. मग माणूस अकरा वाजता शेवेचा डबा शोधणारच.

ब्राझीलमधल्या कांपिनासच्या संशोधकांनी २००५ मध्ये उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधले जीन्स तपासले, तर फॅटवाल्या आहारानंतर सूज आणणारे जीन्स चढलेले होते. आपल्याला गुडघ्याला सूज येते तशी मेंदूत, बारीकशी. आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधकांना दिसलं की ही सूज एक ते तीन दिवसांत सुरू होते, वजन वाढायच्या आधीच!! म्हणजे पँट घट्ट व्हायची वाट बघायची गरज नाही, चवथ संपायच्या आत वर काम सुरू झालेलं असतं (निदान उंदरात तरी). मग ती सूज थोडी उतरते आणि तेच खाणं चालू ठेवलं तर काही आठवड्यांनी परत येते.

हे वाचून आई लगेच नारळ बंद करशील, मला माहिती आहे तू. तसं करू नको. त्या उंदरांच्या खाण्यात बऱ्याचदा साठ टक्के कॅलरीज नुसत्या फॅटच्या असतात, तीही बहुतेक डुकराची चरबी, त्याच्यापुढे आपलं बांगड्याचं हुमण, नारळ घातलेलं कालवण, म्हणजे काहीच नाही. फक्त नारळाच्या तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट असतं, त्यामुळे "आपल्या परसातला नारळ, घरचं तेल" म्हणून पळीपळीने ओतायचंही नाही. आणि तुझे एकादशीचे साबुदाणावडे पण तळलेलेच असतात, तेव्हा तू कुठे ओरडतेस?

बाबा, स्कूटरच्या किल्ल्या तीनदा हरवल्या, ते मिर्च्यांमुळेच असं मी म्हणत नाही, डॉक्टरांना दाखवायचं ते दाखवूच. पण एक सांगते. बीडीएनएफ नावाचं एक प्रोटीन आहे, मेंदूच्या पेशींचं खतपाणी म्हणा, आठवण ठेवायला लागतं. २००२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात उंदरांना दोन महिने फॅट आणि साखरेचं खाणं दिलं तर हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींच्या भागात, ते कमी झालं आणि उंदीर नवीन गोष्ट शिकायला मागे पडले. मग २००४ मध्ये त्याच लोकांनी फॅटवालं खाणं देऊन काही उंदरांना पळायला चाक दिलं, आणि पळणाऱ्यांचं बीडीएनएफ उतरलं नाही, शिकण्यातही ते मागे पडले नाहीत. खाणं तेच, फक्त पाय हलले. मला हे सगळ्यात आवडलं, कारण ह्यात कोणी कोणावर ओरडावं लागत नाही.

म्हणून संध्याकाळी दोघंही भगवतीच्या देवळापर्यंत चालत जा. दोघंही, आई, नुसतं बाबांना पाठवून तू सिरियल बघत बसू नको. मिर्च्या रविवारी, एकच. शेवेचा डबा मावशीला देऊन टाक, त्याच्या जागी भाजलेले चणे ठेव. आणि बाबांनी परत खायला मागितलं तर पाहुण्यांसमोर काही बोलू नकोस, ताटात थोडी भाजी जास्त वाढ आणि गप्प रहा, जमेल तुला?

मी पुनवेला येतेय, काणकोणहून पहिली बस धरून. येताना खोल गावची सुकी मिरची आणते, हुमणाला. ती तळायची नसते, बाबा.

तुमची,
बाय