आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: कार्डं मी वाटली, शब्द तुमचा होता

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात २०१० पासून आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. आपल्या खात्याची सगळ्यात खालची पायरी म्हणा. आपला वेळ मोलाचा आहे हे मला कळतं, आणि तक्रारी ऐकून ऐकून आपण कंटाळला असाल हेही. तरी लिहिते आहे, कारण मागच्या आठवड्यात मला सरकारी पाकीट आलं. आत लिहिलं होतं, ‘सदर रुग्णाने योजनेचा लाभ घेण्यास स्वेच्छेने नकार दिल्याचे रुग्णालयाने कळविले असून नातेवाइकाचे स्वाक्षरीचे पत्र सादर केले आहे. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

सदर रुग्ण म्हणजे माझे मालक. नातेवाईक म्हणजे मी. योजना म्हणजे महात्मा फुले जनआरोग्य योजना, आणि तक्रार एवढीच, की कार्ड असून दवाखान्याने पैसे घेतले.

ज्वारीच्या काढणीचे दिवस होते. मालक रात्री जेवून उठले आणि त्यांच्या छातीत कळ आली, डावा हात जड पडला, अंगाला दरदरून घाम. ही लक्षणं मी गावाला पाठ करून दिलेली आहेत, त्यामुळे ‘पित्त असेल’ म्हणत बसलो नाही. १०८ आली. ग्रामीण रुग्णालयात कंत्राटावरचा तरुण डॉक्टर होता. पोरगं चांगलं. त्याने ईसीजी काढला, गोळ्या चघळायला दिल्या आणि सरळ सांगितलं, “ताई, इथं काही होणार नाही, मोठ्या दवाखान्यात पळा.” त्या रुग्णालयात फिजिशियनची जागा भरलेली मी आजवर पाहिलेली नाही. जागा आहे, पाटी आहे, माणूस नाही.

मोठा दवाखाना म्हणजे खासगी, पण योजनेत अंगीकृत. दारातच महात्मा फुल्यांचं चित्र असलेला फलक. तो बघून मला केवढा धीर आला म्हणून सांगू! योजनेच्या रुग्णांना मदत करायला बसवलेल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर कोणी नव्हतं. काउंटरवरच्या माणसाला मी कार्ड दाखवलं. तो म्हणाला, कार्ड चालतं, पण मंजुरी सकाळी येईल, तोवर थांबायचं का? मी म्हणाले, तातडीच्या रुग्णाला फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात. तुमच्याच खात्याने प्रशिक्षणात सांगितलेलं, साहेब. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी वकिली करायला आले आहे. मग दुसरा आला, जरा गोड बोलणारा. “मावशी, योजनेतला स्टेंट टाकायचा का चांगला टाकायचा?” आत स्ट्रेचरवर नवरा काळानिळा पडलेला असताना बाईला हा प्रश्न विचारतात. इंग्रजी कागद पुढे आला, तीन ठिकाणी पेनाने खुणा केलेल्या. पन्नास हजार आत्ता भरा, मग आत घेतो.

सही केली. हीच ती स्वेच्छा.

रात्री दोन वाजता दिराने कुठून कुठून पैसे आणले ते मी विचारलं नाही. घरी आलो तेव्हा बिल दोन लाख दहा हजारांवर गेलेलं होतं. म्हैस विकली. सासूबाईंची बोरमाळ गेली. बचत गटाचं कर्ज वेगळं, आणि उरलेलं शेकडा तीन रुपयांनी. दोन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीनचा भाव तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय, त्यामुळे मालक आता दारात बसून असतात. येणाराजाणारा विचारतो, “का हो, तुमच्या घरात तर आशाताई आहेत, तुम्हाला योजना नाही मिळाली?” ते काही बोलत नाहीत. मला मात्र जमीन दुभंगावी असं होतं.

कारण साहेब, या गावातली बहुतेक कार्डं मी काढलेली आहेत. जुलै २०२३ मध्ये सरकारने निर्णय काढला की आता पिवळं-केशरीच नाही, पांढरं रेशनकार्डवालासुद्धा योजनेत, राज्यातला प्रत्येक माणूस योजनेत, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत. पेपरात पानभर जाहिराती आल्या. आम्हाला उद्दिष्ट आलं. मोबाईल घेऊन मी दारोदार फिरले. म्हाताऱ्यांचे अंगठे उमटत नव्हते. ओटीपी पुण्यात कामाला गेलेल्या पोराच्या फोनवर जायचा आणि तो पोरगा ड्युटीवर फोन उचलायचा नाही. नेटवर्कसाठी मारुतीच्या पाराजवळ जाऊन उभं राहायचं. लोक म्हणायचे, ताई, खरंच होतं का फुकट? मी म्हणायचे, होतं, सरकारने शब्द दिलाय. तुमचा शब्द माझ्या तोंडून गेला. तुम्ही मंत्रालयात बसता, तिथवर कोणी येत नाही. माझ्या दारात येतात.

विहीर कोरडी ठेवायची आणि गावभर घागरी वाटायच्या, असा हा कारभार आहे.

आणि कार्ड चाललं तरी त्यात काय येतं? २०२३ च्या निर्णयात १३५६ उपचार मोजलेले होते. यादी पुढे आणखी लांबवली म्हणतात, लांबवा. पण माणूस भरती झाला तर त्या यादीचा उपयोग. रोजच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या त्यात नाहीत. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका तपासायचा कागद, तुम्ही माझ्याकडून भरून घेता. पोटाचा घेर मोजते, तंबाखू खाता का विचारते, उपकेंद्रावर पाठवते. तिथे बीपी निघतं. मग गोळ्या? कधी असतात, कधी ‘पुढच्या आठवड्यात या’. मजुरी बुडवून दुसऱ्यांदा कोण येतं? मेडिकलवरून दहा गोळ्यांची पट्टी आणतात, ती संपली की बंद. चार वर्षांनी तोच माणूस लकवा मारून पडतो आणि मग तुमच्या यादीत बसतो. रोजची स्वस्तातली गोळी द्यायला खात्याकडे पैसा नाही, पण लाखाच्या पॅकेजला आहे. हा हिशोब कोणी मांडला मला भेटायचंय त्याला!

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळे उपचार मोफत झाले, केसपेपरसुद्धा. खरं आहे. केसपेपर फुकट मिळतो. त्यावर ‘बाहेरून आणा’ लिहिलेलं असतं. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, शेजारच्या नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं गेली, त्यात बारा नुकती जन्मलेली बाळं. त्याआधी ऑगस्टमध्येच ठाण्याच्या कळव्यात चोवीस तासांत अठरा. तुम्ही म्हणाल, नांदेडचं ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं आणि कळव्याचं महापालिकेकडे. बरोबर आहे. मेलेलं बाळ कोणत्या खात्यात येतं ते आईला माहीत नसतं.

आता जरा मोठं बोलते, लहान तोंडी मोठा घास समजा. आपल्या राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकांनी देखरेख ठेवायचं काम सुरू झालं. आरोग्याच्या हक्कासाठी झटणारे जनआरोग्य अभियानवाले यायचे, जनसुनवाया व्हायच्या, दवाखान्यात औषध नव्हतं ते माणसं माईकवर उभं राहून डॉक्टरसमोर सांगायची. मी तिथे बोलायला शिकले आणि तिथेच ऐकलं की इंग्रज सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली, स्वातंत्र्याच्या आधी, सांगून ठेवलंय की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये. १९४६! माझे वडीलही तेव्हा जन्मलेले नव्हते. केंद्राच्या नियोजन आयोगाने नेमलेल्या श्रीनाथ रेड्डी यांच्या समितीने २०११ मध्ये पुन्हा तेच सांगितलं: पैसा करातून उभा करा, दवाखान्यात रुग्णाकडून फी घेऊ नका, विमा कंपन्यांना मधे घालू नका. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के होईल. २०२१-२२ च्या सरकारी हिशोबात तो १.८४ होता. राज्यांनी आपल्या बजेटचे आठ टक्के आरोग्याला द्यावेत हेही त्याच धोरणात, आणि त्याची मुदत होती २०२०. पुरोगामी, प्रगत, देशात सगळ्यात श्रीमंत म्हणवणारा आपला महाराष्ट्र त्या आठाच्या जवळपासही फिरकलेला नाही. समृद्धी महामार्ग झाला, चांगला झाला. त्यावरून अॅम्ब्युलन्स झकास पळते. पोचल्यावर काय, एवढंच विचारते.

थायलंडचं उदाहरण अभियानाच्या शिबिरात सांगितलं होतं. तिथल्या संस्था-संघटनांनी पन्नास हजारांवर सह्या गोळा करून लोकांचा कायद्याचा मसुदा पुढे ठेवला. तीस बाथ (तिथलं चलन) द्या आणि उपचार घ्या, अशी योजना २००१ मध्ये आली आणि २००२ मध्ये कायदा झाला. १९९७ च्या मंदीने कंबरडं मोडलेला देश होता तो. आणि अमेरिका, जिकडे आपली हुशार पोरं जातात, तिथे विमा कंपन्यांच्या राज्यात माणसं बिलापायी कंगाल होतात म्हणून परिचारिकांची संघटनाच रस्त्यावर आहे, की सगळ्यांचं बिल सरकारने एका तिजोरीतून भरावं. आपण मात्र त्यांनी भोगून टाकलेल्या वाटेने हौसेने निघालोय.

एक तिजोरी यासाठी म्हणते की आज प्रत्येकाची चूल वेगळी आहे. आमदारांना, माजी आमदारांना बिलाची प्रतिपूर्ती. पोलिसांची योजना वेगळी. कारखान्यातल्या कामगारांची ईएसआय वेगळी. केंद्राच्या कर्मचाऱ्यांची आणखी वेगळी. उरलेल्यांना माझ्या हातचं कार्ड. ज्याच्या हातात निर्णय आहे तो आमच्या रांगेत कधी उभाच राहत नाही, मग रांग सुधारणार कशी? धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीत राखायचा नियम आहे, त्या खाटाही आधी वशिला शोधून मग शोधाव्या लागतात. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावावी, असा नियम तुम्हीच २०२१ मध्ये केलात. मी त्या रात्री भिंतीवर गणपती पाहिला, सनद नाही.

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. खासगी डॉक्टरांनी संप केला, बरीच ओढाताण झाली, पण कायद्याच्या पुस्तकात हक्क आला. आपल्याकडे योजना येते. योजनेवर फोटो येतो. सरकार बदललं की नाव बदलतं. राजीव गांधी जीवनदायी होती, मग महात्मा फुले झाली, मग तिला आयुष्मान जोडलं. माझ्याकडे तिन्हींची पत्रकं आहेत, ट्रंकेत.

आमच्या मानधनाचं लिहिणार नव्हते, पण शब्दाचा विषय निघालाच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तुमच्या आधीच्या मंत्र्यांनी आशांना सात हजारांची वाढ जाहीर केली. शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारीत पुन्हा संपावर गेलो, आझाद मैदानात डांबरावर झोपलो. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने पाच हजार मंजूर केले. मधले दोन हजारही बहुधा आम्हीच स्वेच्छेने नाकारले असतील.

मला काय हवंय ते लिहिते. रुग्ण दाखल करताना लिहून घेतलेलं नकारपत्र ग्राह्य धरू नका, आणि कार्ड असून पैसे घेतले असतील तर ते रुग्णालयाने परत द्यावेत, मला एकटीला नाही, सगळ्यांना. योजनेच्या किती खाटा आज रिकाम्या आहेत ते दारात लिहिलेलं असू द्या, रात्रीसुद्धा. उपकेंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या बारा महिने. आणि आरोग्य हक्काचा कायदा, ज्यात खर्च करातून होईल, सरकारी दवाखाना आधी भरला जाईल आणि खासगीवाल्याला नाही म्हणता येणार नाही.

१ मेच्या ग्रामसभेत आम्ही बायकांनी याच मागणीचा ठराव मांडला. ग्रामसेवक म्हणाले, हा विषय ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नाही, इतिवृत्तात घेता येणार नाही. बायका उठल्याच नाहीत. शेवटी घेतला. पंचक्रोशीतल्या गावांत १५ ऑगस्टला तोच ठराव येणार आहे, आणि तिथल्या आशांनी त्याच्या झेरॉक्स आधीच नेल्या आहेत.

नाव खाली लिहीत नाही. मानधन कसं अडकवतात हे आपल्या खात्याला मी सांगायला नको. उत्तर पाठवायचं झालं तर तालुक्याच्या आशा संघटनेकडे पाठवा. वाचून दाखवू.

आपली,
एक आशा स्वयंसेविका,
जि. परभणी